बंदूक कोणाच्या हाती, राखण कोणाच्या माथी?

शस्त्र परवान्यांचे नियम कडक झाले की शेतकरी उघड्यावर पडतो, ही तक्रार जगभर ऐकू येते. ऑस्ट्रेलियात १९९६ नंतर ती झाली, न्यूझीलंडमध्ये २०१९ नंतर झाली आणि आपल्याकडे त्याच वर्षी डिसेंबरात शस्त्र कायद्यात दुरुस्ती आली तेव्हाही झाली. लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूर तालुक्यात मात्र या तक्रारीचे रूप वेगळे आहे. इथे पेरलेले सोयाबीन दोन पानांवर आले की हरणांचे कळप ते खुडून जातात, ऊस आणि भुईमुगात रानडुकरे शिरतात, हरभऱ्याचे घाटे भरण्याच्या सुमारास रात्रभर राखण करावी लागते. तरीही सरकारने आमची बंदूक काढून घेतली, असे इथला शेतकरी म्हणत नाही, कारण बंदूक त्याच्या घरात बहुधा नव्हतीच. त्याचे गाऱ्हाणे असे, की जनावर मारू दिले जात नाही आणि राखायलाही कोणी येत नाही. या गाऱ्हाण्याचे दोन भाग वेगळे करून पाहिले तर प्रश्नाची खरी जागा सापडते. बंदुकीचा कायदा कडक आहे आणि तो तसाच राहायला हवा. पण ज्या राज्यसंस्थेने शस्त्र बाळगण्याचा आणि जनावर मारण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला, तिने त्या अधिकाराला चिकटून येणारी राखणीची जबाबदारी मात्र शेतकऱ्याच्याच माथी ठेवली. ग्रामीण भागाचे खरे नुकसान झाले आहे ते इथे.

कायद्याचा इतिहास पाहिला तर त्यात शेतकऱ्याचे स्थान सुरुवातीला बरेच मानाचे होते. १८७८चा शस्त्र कायदा ब्रिटिशांनी प्रजेला निःशस्त्र करण्यासाठी आणला आणि राष्ट्रीय चळवळीने तो अपमान मानला. १९३१च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तो हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती सुचवली, डॉ. आंबेडकरांनी ती मान्य केली नाही, आणि शस्त्र हा हक्क न राहता परवान्याचा विषय झाला. चाकूरचा मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. तिथे ब्रिटिश कायदा थेट चालत नव्हता, पण रयत निःशस्त्रच होती. रझाकारांच्या हातात बंदुका होत्या, गावकऱ्यांच्या हातात काठ्या आणि गोफणी. त्यामुळे सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईपर्यंत या भागाने बंदुकीचे जे रूप पाहिले ते गावावर चालून येणाऱ्याचे होते. पुढे १९५९चा शस्त्र कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. त्याच्या तेराव्या कलमात पिकांच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असे स्पष्ट आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. चौदावे कलम सांगते, की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. कायद्याच्या कागदावर, म्हणजे, दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी हा परवान्याचा पहिला हकदार आहे.

त्यानंतर कडकपणा टप्प्याटप्प्याने वाढला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार बंद केली आणि अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकाची संमती आवश्यक केली. नांदेड-यवतमाळच्या सीमेवरील पैनगंगा अभयारण्याभोवतीच्या गावांना हे बंधन लागते, चाकूरला लागत नाही. २०१६च्या शस्त्र नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण, आरोग्याचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची सोय आणि देशभरातील परवानाधारकांची संगणकीय नोंद आणली. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. मूळ विधेयकात ती एकच होती, विरोधानंतर दोन झाली. बेकायदा शस्त्र बाळगण्याची शिक्षा वाढली, लग्न-मिरवणुकीत हवेत बार काढणे हा दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा झाला आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली. यातली एकेक तरतूद शेतकऱ्याच्या नजरेने पाहिली तर अन्याय म्हणावा असे फारसे काही सापडत नाही. ज्याच्याकडे एकही बंदूक नाही त्याला तीनच्या दोन झाल्याने काय फरक पडणार? फरक पडतो तो वाटेत. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, चौकशी पोलीस ठाण्यात, दाखला सरकारी दवाखान्यात, प्रशिक्षण शहरात. या प्रत्येक पायरीवर रोजगार बुडतो आणि ओळख लागते. लातूरला खेटे घालणे ज्याला परवडते तोच टिकतो. नियम सर्वांना सारखे असले तरी त्यांचा भार सारखा पडत नाही.

परवाने प्रत्यक्षात कोणाला मिळतात, हे पाहिले की कायद्याचा कागद आणि कायद्याचा व्यवहार यांतले अंतर उघड होते. केंद्रीय गृहखात्याच्या आकडेवारीनुसार २०१६च्या अखेरीस देशात ३३ लाख ६९ हजार परवाने होते. त्यांतले १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात आणि महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. महाराष्ट्र या बाबतीत संयमी राज्य आहे. पण राज्याच्या आतले चित्र पाहावे. कोकणात ‘शेतीसंरक्षणाची बंदूक’ हा घराघरांतला शब्दप्रयोग आहे. सिंधुदुर्गात वडिलांच्या नावावरची ठासणीची किंवा एकनळी बंदूक मुलाच्या नावावर होते. मराठवाड्यात परवाना म्हटले की डोळ्यांपुढे कमरेला लावलेले पिस्तूल येते. ९ डिसेंबर २०२४ रोजी बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर त्या जिल्ह्यातील शस्त्र परवान्यांचा हिशेब चव्हाट्यावर आला. तेव्हा जाहीर झालेल्या आकड्यांनुसार तिथे बाराशेहून अधिक परवाने होते, गुन्हे दाखल असलेल्यांकडेही होते, आणि हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर फिरत होत्या. मग शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. बीड आणि लातूर हे शेजारी जिल्हे, शेतीची दुःखेही सारखीच. पण त्या चर्चेत रानडुकरापासून शेत राखणारा परवानाधारक कुठे दिसला नाही. दिसले ते वाळू, ठेकेदारी आणि राजकारणातले लोक. ऑस्ट्रेलियाने पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या, तेव्हा तिथे नियम असा ठरला, की शेती हे बंदूक बाळगण्याचे वैध कारण आहे, स्वसंरक्षण हे नाही. आपल्याकडे कायद्याने दोन्ही कारणे मान्य केली, पण व्यवहारात शेती मागे पडली आणि ‘जिवाला धोका’ पुढे गेला. कडकपणा चुकीच्या रांगेत उभा राहिला, तो असा.

समजा, हे सगळे सुधारले आणि चाकूरच्या शेतकऱ्याला उद्या परवाना मिळाला, तर तो काय मारू शकेल? ज्यांचा उपद्रव त्याला पेरणीपासून होतो ती हरणे म्हणजे बहुतांशी काळवीट, आणि काळवीट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मोरही तिथेच आहे. पिकाची नासाडी या कारणासाठी त्यांच्यावर बंदूक चालवता येत नाही. रानडुक्कर आणि रोही ही जनावरे २०२२च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आली. अकराव्या कलमानुसार, ती उभ्या पिकाला घातक ठरली असतील तर वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्राने ही परवानगी खालच्या पातळीवरच्या वनाधिकाऱ्याकडून मिळावी अशी सोयही केली. पण वावरात डुकरे शिरतात मध्यरात्री आणि कार्यालय उघडते सकाळी. शिवाय परवानगी मिळाली तरी नेम धरणारा परवानाधारक हवाच. केरळने हा पेच समोरून हाताळला. २०२२ मध्ये त्या राज्याने रानडुकरे मारण्याची परवानगी देण्याचे अधिकार ग्रामपंचायतींच्या अध्यक्षांना दिले आणि परवानाधारक नेमबाजांच्या याद्या केल्या. तिथेही अडचण आली ती नेमबाज पुरेसे नसण्याचीच. तेव्हा चाकूरच्या शेतकऱ्याचे हात दोन कायद्यांनी बांधलेले आहेत, आणि त्यांत आवळून बसलेली गाठ वन्यजीव कायद्याची आहे. फक्त शस्त्र कायदा सैल केला तर पहिली गाठ सुटेल, दुसरी तशीच राहील.

बंदूक मोकळी केल्याने रानडुकरे आटोक्यात येतात का, याचा पुरावाही जगाने दिलेला आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात बंदुकीला जवळजवळ आडकाठी नाही आणि खासगी जमिनीवरची मोकाट डुकरे मारायला राज्यातील रहिवाशाला शिकारीचा परवानाही लागत नाही. तरीही त्या देशात डुकरांनी केलेले नुकसान वर्षाला अब्जावधी डॉलर्समध्ये मोजले जाते. जर्मनीत २०१९-२०च्या एका हंगामात आठ लाखांहून अधिक रानडुकरे मारली गेली, आणि प्रश्न संपला नाही. मादी एका वेतात चार-सहा पिल्ले देते. कळप एकदा बिथरला की पांगून नव्या शिवारात जातो. एकट्या माणसाने अंधारात काढलेला बार कळप एका वावरातून शेजारच्या वावरात ढकलतो, एवढेच होते. चाकूर परिसराची भौगोलिक रचनाही ध्यानात घ्यायला हवी. लातूर हा राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. वडवळ नागनाथच्या संजीवनी बेटासारखी वनौषधींची टेकडी अपवाद म्हणून उरते. जंगल नाही म्हणून जनावर जंगलातून येत नाही. ते उसाच्या फडात, ओढ्याकाठच्या झुडपात, पडीक गायरानातल्या वेड्या बाभळीत राहते. म्हणजे त्याचे घर आणि त्याचे ताट एकाच शिवारात. अशा ठिकाणी गोळीच्या टप्प्यात नेहमीच कुणाचे तरी आखाडे, कोठे, पाणी द्यायला आलेला माणूस असतो. पालघर जिल्ह्यात २०२५च्या सुरुवातीला रानडुकराच्या शिकारीला गेलेल्यांच्या हातून सोबतचाच माणूस डुक्कर समजून मारला गेला, आणि तो तर जंगलाचा भाग होता. बिहारने २०१५च्या अखेरीस केंद्राकडून रोह्याला उपद्रवी जाहीर करून घेतले. २०१६ मध्ये मोकामा टाळ या सखल भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी दोनशेहून अधिक रोही मारले, तेव्हा दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. पण त्या घटनेतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. काम प्रशिक्षित माणसांनी, ठरलेल्या मुदतीत, सरकारच्या जबाबदारीवर केले. गावोगाव बंदुका वाटल्या गेल्या नाहीत.

मग कायद्याच्या कडकपणाचा ग्रामीण भागावर काहीच परिणाम नाही का? आहे, आणि तो शस्त्र नसण्याच्या पोकळीत दिसतो. शेतकऱ्याला पीक वाचवायचे असतेच, आणि वैध मार्ग लांबचा असला की तो जवळचा मार्ग धरतो. कुंपणाच्या तारेत थेट विजेच्या खांबावरून करंट सोडणे हा त्यातला सर्वांत जीवघेणा. कुंपणाला जोडायच्या झटका मशीनमधून सुटणारा झटका क्षणाचा असतो. त्याने जनावर बिचकते आणि मागे फिरते. खांबावरचा प्रवाह सोडत नाही. त्याने रानडुक्कर मरते, बैल मरतो, पहाटे मोटार चालू करायला गेलेला शेजारी मरतो, आणि तार लावणारा सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात आत जातो. दुसरा मार्ग पिठात किंवा फळात लपवलेल्या गावठी बॉम्बचा. २०२० मध्ये केरळातील पलक्कडजवळ स्फोटके भरलेले फळ खाऊन गाभण हत्तीण मेली, तेव्हा देशाला त्याची ओळख झाली. तिसरा कार्बाइडचा. पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून मोठा आवाज काढणारी नळी पाखरे आणि माकडे हाकलायला शेतात वापरली जात होती. २०२५च्या दिवाळीत ती खेळणे म्हणून बाजारात आली आणि भोपाळमध्ये कित्येक मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. ही सगळी साधने बंदुकीपेक्षा स्वस्त आणि बिनपरवान्याची आहेत, आणि ती सगळी बंदुकीपेक्षा आंधळी आहेत. बंदुकीला निदान धरणारा असतो. तारेतला करंट समोर कोण आहे ते पाहत नाही. शस्त्र परवान्यांची नोंद काटेकोर ठेवणाऱ्या व्यवस्थेला या साधनांतून होणाऱ्या मृत्यूंची एकत्र नोंद ठेवावीशी वाटत नाही, हा कडकपणातला मोठा दोष आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ येईल: मग द्या की बंदुका. परवाना सोपा करा, ठासणीच्या बंदुकीचा कायद्यातला हक्क खरा करा, तारा आणि बॉम्ब आपोआप बंद होतील. या आक्षेपात तथ्य आहे, आणि कोकणासारख्या जंगलाच्या मुलखात तो बऱ्याच अंशी लागूही पडतो. मराठवाड्यात मात्र त्याच्या आड एक आकडा उभा राहतो. विभागीय आयुक्तालयाच्या नोंदींनुसार २०२३ या एका वर्षात मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत बीडचे २६९, नांदेडचे १७५ आणि लातूरचे ७२. आत्महत्येच्या अभ्यासातून एक गोष्ट वारंवार सिद्ध झाली आहे: निराशेच्या क्षणी हाताशी काय आहे, यावर जीव वाचणे अवलंबून असते. श्रीलंकेने १९९०च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथला आत्महत्यांचा दर निम्म्याहून खाली आला. लोकांचे दुःख तेवढ्या वेगाने कमी झाले नव्हते, साधन दूर गेले होते. विष पिणाऱ्याला दवाखान्यात नेण्याइतका वेळ अनेकदा मिळतो. बंदूक तो वेळ देत नाही. कर्ज, नापिकी आणि भावाच्या घसरणीने पिचलेल्या घरात भरलेली बंदूक टांगणे म्हणजे डुकरापासून पीक वाचवण्यासाठी घरधन्याला धोक्यात घालणे होय. मराठवाड्यात शस्त्र कायदा कडक असावा, याचे माझ्या मते हे सर्वांत भक्कम कारण आहे, आणि चर्चेत ते क्वचितच येते.

दुसरा आक्षेप स्वसंरक्षणाचा. शेतवस्तीवर राहणारी कुटुंबे गावापासून दूर असतात, दरोडेखोर येतात, पोलीस ठाणे लांब असते. शहरातल्या बांधकाम व्यावसायिकाला पिस्तूल मिळते तर वस्तीवरच्या शेतकऱ्याला का नाही? समानतेच्या कसोटीवर हा प्रश्न बिनतोड आहे. त्याचे उत्तर मात्र दोघांनाही बंदूक देणे हे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवतात, की बंदुकीने होणाऱ्या खुनांत बहुतेक शस्त्रे बिनपरवान्याची असतात. महाराष्ट्रात पकडले जाणारे अनेक गावठी कट्टे चोपडा तालुक्याला लागून मध्य प्रदेशाच्या हद्दीत असलेल्या उमर्टी भागातून आलेले निघतात. नांदेड शहरात एप्रिल २०२२ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला त्याच्या घरासमोर गोळ्या घातल्या गेल्या. तिथे मारेकऱ्यांनी कोणाकडे परवाना मागितला नव्हता. यावरून काही जण म्हणतात, कायदा फक्त कायदा पाळणाऱ्यालाच निःशस्त्र करतो. पण झोपेत असलेल्या घरावर पाच-सहा जणांनी चाल केली तर कपाटातली ठासणीची बंदूक कामाला येण्याची शक्यता फार थोडी, ती दरोडेखोरांच्याच हाती लागण्याची शक्यता जास्त. बेकायदा शस्त्रांच्या वाटा बंद करणे, वस्त्यांवर रात्रगस्त ठेवणे आणि राजकीय ओळखीवर मिळालेले पिस्तुलांचे परवाने तपासून काढून घेणे, ही समानता जास्त खरी. बीडमध्ये एका हत्येनंतर जे तपासले गेले, ते लातूर, नांदेड आणि परभणीत हत्या होण्याची वाट न पाहता तपासले पाहिजे.

तिसऱ्या आक्षेपात मात्र शेतकऱ्यांची बाजू पूर्ण बरोबर आहे. ज्यांच्याकडे पीकसंरक्षणाचा परवाना आहे, त्यांनाही निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितले जाते. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. त्यातली दुसरी नोव्हेंबरात होती, म्हणजे तूर शेंगांवर आणि रब्बी नुकती उगवलेली असताना. मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितले होते, की सरसकट जमा करून घेऊ नका, छाननी समितीने प्रत्येक परवान्याचा विचार करावा. तरीही सरसकट आदेश ही सोपी वाट अजून वापरली जाते. शेजारच्या कर्नाटकात कोडगू जिल्ह्यातील कोडवांना परवान्यातूनच सूट आहे आणि केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. वंशपरंपरेवर आधारलेली ती सूट मराठवाड्याने मागण्यासारखी नाही. पण एवढे तरी त्यातून दिसते, की शस्त्र कायदा जागा आणि गरज पाहून वेगवेगळा चालवता येतो. कडकपणा म्हणजे विवेकशून्यता नव्हे. कमरेचे पिस्तूल आणि माळ्यावरची ठासणीची बंदूक यांत फरक करणारा अधिकारीच कायदा नीट राबवतो.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे राखणीकडे. बंदूक नसतानाही या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या पिके राखली गेली, ती माणसांच्या बळावर. गावगाड्यात जागल्या नेमलेला असे, शेतात माळा असे, गोफण असे, सालगडी वावरात झोपत असे. हरणांच्या कळपांवर फासेपारध्यांच्या फाशांचा वचक होता. ज्वारीच्या भोवती काटेरी करडईचे पाटे असत, त्यातून जनावर सहज घुसत नसे. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. जागल ही बहुधा जातीने लादलेली वेठ होती आणि पारध्यांना त्यांच्या कौशल्याबद्दल गुन्हेगार जमातीचा शिक्का मिळाला. ती व्यवस्था गेली हे योग्यच झाले. अयोग्य हे, की तिची जागा कशानेही घेतली नाही. ज्वारी-करडई मागे पडून सोयाबीन बांधापासून बांधापर्यंत आले, तरुण पुण्या-हैदराबादला गेले, मजुरी वाढली आणि रात्रीची राखण एकेका म्हाताऱ्या शेतकऱ्यावर येऊन पडली. जर्मनीत शिकारीचा हक्क ज्याच्याकडे असतो, रानडुकराने केलेल्या नुकसानीची भरपाईही साधारणतः त्याच्याकडेच असते. हक्क आणि दायित्व एकाच हातात. आपल्याकडे वन्यप्राण्यांविषयीचा सगळा अधिकार राज्यसंस्थेने घेतला, म्हणून दायित्वही पूर्णपणे तिचेच ठरते. नुकसानभरपाई हा उपकार मानण्याची सवय सरकारने आणि शेतकऱ्यानेही सोडली पाहिजे.

या दायित्वाचे रूप कसे असावे, याची उत्तरे अवघड नाहीत. रानडुकरांचा उपद्रव जिथे नोंदींवरून सिद्ध होतो, तिथे वनखात्याने स्वतःची प्रशिक्षित पथके ठेवावीत. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे आणि निवृत्त जवान या भागात गावोगाव आहेत. शिस्तीत शस्त्र हाताळणारी माणसे इथे कमी नाहीत. त्यांची यादी करून, वनाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, सरकारी शस्त्राने, ठरलेल्या मुदतीपुरते काम दिले तर घरोघर बंदूक न नेताही नेमबाज मिळतात. काळविटांसाठी मात्र गोळीचा विचारच नको. तिथे कुंपण आणि भरपाई हेच मार्ग. सौर कुंपणाच्या सरकारी योजना जंगलालगतच्या गावांना प्राधान्य देतात आणि जंगल नसलेला चाकूर त्या रांगेत मागे राहतो, हा निकष बदलायला हवा. उपद्रव मोजावा, जंगलाचे अंतर मोजू नये. एकेकट्या शेतकऱ्याने कुंपण घातले तर जनावर शेजाऱ्याकडे वळते, म्हणून कुंपण शिवाराचे असावे, वावराचे नव्हे. पाणी द्यायची वीज दिवसा मिळाली तर रात्री वावरात माणूस आणि जनावर समोरासमोर येण्याचे प्रसंगही कमी होतील. विम्याच्या बाबतीत एक संधी आता दारात आहे. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले, की २०२६च्या खरिपापासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीकविम्यात धरले जाईल, शेतकऱ्याने ७२ तासांत कळवायचे, आणि कोणते प्राणी व कोणते भाग धरायचे ते राज्याने जुन्या नोंदींवरून ठरवायचे. इथे चाकूरसारख्या तालुक्याची खरी परीक्षा आहे. भरपाई तोकडी आणि पंचनामा कटकटीचा म्हणून इथले बहुतेक नुकसान कागदावर येतच नाही, आणि नोंद नाही म्हणून उपद्रव नाही, असा निष्कर्ष निघू शकतो. ग्रामपंचायतींनी या हंगामापासून प्रत्येक नासाडीची नोंद ठेवणे हे परवान्याच्या मोर्चापेक्षा जास्त फळ देणारे काम आहे.

एवढा खर्च कोण करणार, असा शेवटचा आक्षेप उरतो. तो सरकारी तिजोरीचा आहे, म्हणून आदराने ऐकावा, पण हिशेब पूर्ण मांडून. आज हा खर्च होतच आहे. तो दुबार पेरणीच्या बियाण्यात होतो, रात्रीच्या जागरणात होतो, करंट लागून गेलेल्या माणसांच्या घरांत होतो, आणि ज्याने कधी कोणाला इजा करायचा विचार केला नव्हता अशा शेतकऱ्याच्या तुरुंगवासात होतो. तो सरकारच्या वहीत दिसत नाही, कारण भरणारा वेगळा आहे. चाकूरने देशाला एक गृहमंत्री दिला. शिवराज पाटील चाकूरकर २००४ ते २००८ या काळात ज्या खात्याचे प्रमुख होते, शस्त्र कायदा त्याच खात्याच्या अखत्यारीत येतो. दिल्लीतल्या त्या खात्याने कायदा कडक ठेवावा, तो मराठवाड्याच्या भल्याचाच आहे. मात्र त्याच्या जोडीला वन, ऊर्जा आणि कृषी ही खाती उभी राहिली नाहीत, तर कडक कायदा शेतकऱ्याला इतकेच सांगतो, की तुझे पीक जाताना तू शांत बसावेस. शस्त्र मागणाऱ्या शेतकऱ्याला नकार देण्याचा सरकारला अधिकार आहे. तो नकार न्याय्य ठरायचा असेल, तर त्याच टेबलावरून त्याच दिवशी राखणीची हमीही निघाली पाहिजे.